पेन्सिल सेलचे गणित

हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम म्हणजे भिंतीतल्या प्लगपासून सुटलेला संगणक. टीव्हीला जोडायच्या यंत्राला हवी तेवढी वीज मिळते, तापले तर आत पंखा बसवता येतो, वजन कुणी विचारत नाही. दप्तरात किंवा कोटाच्या खिशात जाणाऱ्या यंत्राला अशी मोकळीक नाही. पडदा, प्रोसेसर, आवाज, बटणे या सगळ्यांनी निघताना बांधून घेतलेल्या एकाच शिदोरीतून खायचे आणि ती संपली की खेळ संपला. गेल्या पन्नास वर्षांत या क्षेत्रात कोण टिकले आणि कोण बुडाले याचा हिशेब मांडला, तर उत्तर बहुतेक वेळा या शिदोरीपाशीच येऊन थांबते.

सुरुवात अमेरिकेत झाली. मॅटेल या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १९७६ मध्ये 'ऑटो रेस' बाजारात आणला. त्याला पडदा असा नव्हताच. लाल एलईडी दिव्यांचे ठिपके पेटत-विझत, त्यांनाच मोटारी समजायचे. पुढच्या वर्षी त्याच घडणीचा 'फुटबॉल' आला. एका यंत्रात एकच खेळ, ही त्या दोघांची मर्यादा. ती १९७९ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीच्या मायक्रोव्हिजनने ओलांडली. जे स्मिथ यांनी रचलेल्या या यंत्रात खेळ बदलता येत, आणि खेळाबरोबर प्रोसेसरही त्या बदलायच्या भागातच बसवलेला असे. पडदा सोळा बाय सोळा ठिपक्यांचा होता. कल्पना काळाच्या पुढे होती, सामान मात्र कच्चे निघाले. अंगातल्या स्थिर विजेच्या ठिणगीने चिप जळे आणि पडदा काही काळाने नासत जाई. दोनेक वर्षांतच मायक्रोव्हिजनचे उत्पादन थांबले.

पुढची वाट जपानमधल्या क्योतो शहरात फुटली. निंटेंडो ही तिथली १८८९ सालची कंपनी, हानाफुदा या जपानी पत्त्यांची. गुनपेई योकोई १९६५ मध्ये तिथे लागले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. फावल्या वेळात त्यांनी कात्रीसारखी उघडमीट करून लांबची वस्तू पकडणारा एक हात तयार केला होता. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांची नजर त्यावर पडली आणि त्यांनी त्याचे खेळणे करायला सांगितले. 'अल्ट्रा हँड' नावाने १९६६ मध्ये आलेले हे खेळणे दहा लाखांहून अधिक खपले, आणि देखभालीच्या कामावरचा तंत्रज्ञ खेळणी रचणारा झाला.

बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला योकोईंना दिसला, त्यातून पुढचे यंत्र सुचले, अशी हकिकत सांगितली जाते. त्या वेळी जपानमध्ये कॅल्क्युलेटर कंपन्यांची जीवघेणी स्पर्धा चालू होती, त्यामुळे एलसीडी पडदे आणि त्यांच्या चिपा स्वस्त झाल्या होत्या. निंटेंडोने शार्प कंपनीला हाताशी धरले, आणि २८ एप्रिल १९८० रोजी 'गेम अँड वॉच' मालिकेतला पहिला खेळ 'बॉल' विक्रीला आला. एका कोपऱ्यात घड्याळ, उरलेल्या पडद्यावर दोन हातांनी चेंडू झेलणारा माणूस. या पडद्यावर चित्र हलत नसे. कॅल्क्युलेटरमध्ये आकड्यांच्या काड्या जशा आधीच कोरलेल्या असतात, तशा माणसाच्या सगळ्या मुद्रा काचेत आधीच कोरलेल्या असत. चिप फक्त यातली कोणती दिसावी आणि कोणती लपावी एवढेच ठरवी. इतक्या कमी कामाला वीज किती लागणार? घड्याळात घालतात तसले बटण सेल महिनोन्‌महिने पुरत.

१९८२ मध्ये याच मालिकेत 'डाँकी काँग' आला. तो पुस्तकासारखा उघडे आणि त्याला दोन पडदे होते. डावीकडे अधिकच्या चिन्हासारखे एक बटण होते, ज्यावर अंगठा न उचलता चारही दिशांना जाता येत असे. टीव्हीच्या खेळांची उभी दांडी खिशात मावत नाही, म्हणून योकोईंनी काढलेला हा तोडगा. तो आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक गेमिंग कंट्रोलरवर आहे. मालिकेचे एकूण ४ कोटी ३४ लाख नग खपले. सोव्हिएत संघात 'एलेक्त्रोनिका' या नावाने तिची नक्कलही निघाली. तीत तिथल्या लोकप्रिय कार्टूनमधला लांडगा टोपलीत अंडी झेलत असे.

याच जातीचे एक यंत्र महाराष्ट्राच्या चांगले ओळखीचे आहे. नव्वदीच्या दशकात जत्रेत, स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांकडे आणि मुंबईच्या मनीष मार्केटमध्ये मिळणारा 'ब्रिक गेम' हा चिनी बनावटीचा खेळ याच कोरीव पडद्यावर चाले. दहा उभ्या आणि वीस आडव्या ओळींतले दोनशे चौकोन, बस्स. खोक्यावर '९९९९ इन १' असे छापलेले असे. खेळ प्रत्यक्षात मोजकेच असत, वेग आणि पातळ्या वेगवेगळ्या मोजून आकडा फुगवलेला असे. पण दोन पेन्सिल सेलांवर ते खेळणे एक अख्खी सुट्टी चाले, आणि मराठी मुलांच्या एका पिढीने हातातला व्हिडिओ गेम पहिल्यांदा पाहिला तो याच रूपात.

योकोईंच्या विचारपद्धतीसाठी जपानीत एक शब्दप्रयोग रूढ आहे. त्याचा आशय असा, की जुने होऊन मुरलेले तंत्रज्ञान घ्यावे आणि ते नेहमीच्या वाटेने न नेता आडवाटेने न्यावे. मुरलेले तंत्रज्ञान स्वस्त असते, त्याचे दोष माहीत झालेले असतात, ते कमी वीज खाते. त्यातून नवे काय काढायचे हे मात्र रचनाकाराच्या डोक्यावर अवलंबून. या विचाराची खरी परीक्षा १९८९ मध्ये झाली.

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये 'गेम बॉय' आला. किंमत १२,५०० येन, अमेरिकेत सुमारे ९० डॉलर. योकोईंच्या विभागातले अभियंते सातोरू ओकादा यांनी आग्रह धरल्यामुळे त्यात खेळ बदलण्याची सोय झाली. भारतात मुले ज्याला सरसकट 'कॅसेट' म्हणत, तो प्लास्टिकचा चौकोनी तुकडा पाठीमागच्या खाचेत बसे. आतला प्रोसेसर आठ बिटांचा, म्हणजे त्या काळीही जुनाच. पडद्यावर १६० बाय १४४ ठिपके आणि हिरवट रंगाच्या चार छटा. पडद्यामागे दिवाही नव्हता. संध्याकाळ झाली की खेळणारा खिडकीपाशी सरकायचा आणि रात्री प्रवासात रस्त्यावरच्या दिव्यांची वाट पाहायचा. मात्र चार पेन्सिल सेलांवर हे यंत्र पंधराएक तास सहज चाले.

प्रतिस्पर्धी कागदावर कितीतरी सरस होते. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सला रंगीत पडदा होता आणि त्यामागे दिवाही. १९९० मध्ये सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत. दोन्ही यंत्रांची चित्रे गेम बॉयशेजारी ठेवली तर गेम बॉय बिचारा वाटे. पण दोघांनाही प्रत्येकी सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. लिंक्सची किंमत तर गेम बॉयच्या दुप्पट होती. मुलाला खेळणे एकदा घेऊन देता येते, सेल दर आठवड्याला आणावे लागतात. ज्या घरात ते कुणाच्या तरी पगारातून यायचे, त्या घराने आपला निर्णय दिला. गेम गिअर सुमारे एक कोटी खपला. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत अवतार मिळून ११ कोटी ८७ लाख.

या यशात मॉस्कोचा वाटा मोठा आहे. सोव्हिएत विज्ञान अकादमीतले संगणकतज्ज्ञ अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये 'टेट्रिस' लिहिला. वरून पडणारे तुकडे फिरवून खाली सलग ओळ जुळवायची, एवढाच खेळ. त्याचे हक्क कुणाकडे आहेत याचा घोळ अनेक देशांत चालू असताना हेंक रॉजर्स हे प्रकाशक फेब्रुवारी १९८९ मध्ये स्वतः मॉस्कोला जाऊन थडकले आणि हातातल्या यंत्रांसाठीचे हक्क घेऊन परतले. अमेरिकेत प्रत्येक गेम बॉयसोबत टेट्रिस देण्यात आला. कोणताही नायक नाही, भाषा नाही, गोष्ट नाही. त्यामुळे मुलांच्या हातातून ते यंत्र आई-वडिलांच्या हातात गेले. अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव यांनी १९९३ मध्ये गेम बॉय आणि टेट्रिस मीर अंतराळस्थानकावरही नेला. छोट्या, मंद, चार छटांच्या पडद्यासाठी याहून योग्य खेळ शोधून सापडला नसता.

१९९६ पर्यंत गेम बॉय म्हातारा झाला होता. २७ फेब्रुवारीला जपानमध्ये 'पोकेमॉन'चे लाल आणि हिरवे असे दोन खेळ आले आणि त्याला दुसरे आयुष्य मिळाले. सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोच्या उपनगरात किडे पकडून जमवत असत. दोन गेम बॉय जोडणारी केबल पाहून त्यांना वाटले, की जमवलेले किडे या वायरीतून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतील. १५१ पोकेमॉनपैकी काही फक्त लाल खेळात, काही फक्त हिरव्यात ठेवले होते. सगळे हवे असतील तर मित्राला भेटणे भाग होते. टीव्हीवरच्या यंत्राला हे जमणारे नव्हते. सोबत नेता येणारे यंत्र दुसऱ्या यंत्राला प्रत्यक्ष भेटू शकते, हा या प्रकारातला सर्वांत सुंदर शोध आहे, आणि त्याला नव्या चिपेची गरज पडली नाही.

योकोईंना मात्र हे यश निंटेंडोत राहून फार काळ पाहता आले नाही. त्यांचे 'व्हर्च्युअल बॉय' हे डोळ्यांना लावून पाहायचे लाल-काळे यंत्र १९९५ मध्ये सपशेल पडले. ते डोक्यावर घालण्याइतके हलके नव्हते आणि खिशात मावण्याइतके लहानही नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी कंपनी सोडली आणि ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नव्या संस्थेने बांदाई कंपनीसाठी रचलेला 'वंडरस्वान' १९९९ मध्ये बाजारात आला. तो एकाच पेन्सिल सेलवर चाले.

नव्या शतकात पेन्सिल सेल मागे पडले. सोनीने १९९१ मध्ये व्यापारी स्वरूपात आणलेली लिथियम-आयन बॅटरी २००३ च्या 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी'त आली, आणि खेळणे चार्जरला लावायची सवय लागली. २००४ मध्ये दोन तत्त्वे समोरासमोर उभी राहिली. निंटेंडो डीएसला दोन पडदे होते, त्यातला एक स्पर्श ओळखणारा. सोनीच्या पीएसपीचा पडदा ४.३ इंच, रुंद आणि देखणा, आणि खेळ छोट्या तबकडीवर. तबकडी फिरवायला मोटर लागते आणि मोटर बॅटरी खाते. पीएसपीचे सुमारे आठ कोटी नग खपले. त्याला अपयश म्हणता येत नाही, आणि मराठी शहरांत तर 'हातातला प्लेस्टेशन' म्हणून त्याचेच कौतुक जास्त झाले. पण डीएस १५ कोटी ४० लाखांवर गेला. मेंदूला व्यायाम देणारी कोडी आणि पडद्यावर बोट फिरवून गोंजारायचे कुत्र्याचे पिल्लू यांनी त्याला अशा लोकांपर्यंत नेले, ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता.

तोवर खरा प्रतिस्पर्धी प्रत्येकाच्या खिशात पोचला होता. नोकियाच्या फोनवर १९९७ पासून 'स्नेक' होता. भारतात लाखो लोकांनी पहिला डिजिटल खेळ खेळला तो या सापाचाच. २००३ मध्ये नोकियाने फोन आणि गेमचे यंत्र एकत्र करून 'एन-गेज' काढला. त्यात खेळाचे कार्ड बदलायला मागचे झाकण उघडून बॅटरी काढावी लागे, आणि बोलताना यंत्राची कड कानाला लावावी लागे. ते चालले नाही. जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलने अ‍ॅप स्टोअर उघडले आणि चित्र पालटले. खेळ काही रुपयांत किंवा फुकट, आणि यंत्र वेगळे विकत घ्यायचेच नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये २५,००० येनला आलेला निंटेंडो थ्रीडीएस सहा महिन्यांच्या आत १५,००० येनवर आणावा लागला, आणि कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. त्याच वर्षाअखेर आलेल्या सोनीच्या व्हिटाला पुढे वारसच मिळाला नाही. हातातल्या यंत्रांचा काळ संपला, असे तेव्हा सर्रास लिहिले जात होते.

तसे झाले नाही, आणि त्याची कारणे नीट समजून घेण्यासारखी आहेत. काच गुळगुळीत असते. बोट कुठे आहे ते डोळ्यांनी पाहावे लागते, आणि खेळणाऱ्याचा अंगठाच पडद्याचा मोठा भाग झाकतो. धावता धावता उडी मारायची आणि त्याच क्षणी वळायचे, यासाठी बोटांखाली खाली-वर होणारे बटण हवे. दुसरे कारण पैशाचे. फुकट मिळणाऱ्या खेळाला जाहिरातींतून आणि खेळात मध्येच कराव्या लागणाऱ्या खरेदीतून कमवावे लागते. त्यामुळे त्याची रचनाच वाट पाहायला लावणारी, परत परत बोलावणारी होते. आधी पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या खेळाला सुरुवात, मध्य आणि शेवट असू शकतो. थ्रीडीएससुद्धा किंमत उतरल्यावर सात कोटी ५९ लाखांवर पोचला, तो अशा खेळांच्याच जोरावर.

३ मार्च २०१७ रोजी आलेल्या निंटेंडो स्विचने घरचे यंत्र आणि हातातले यंत्र यांतली भिंत पाडली. ६.२ इंचाचा पडदा टीव्हीजवळच्या खोबणीत ठेवला की खेळ टीव्हीवर, उचलला की हातात. त्यातली चिप एनव्हिडियाची, आधीच्या टॅब्लेटांतून मुरून आलेली. योकोई जाऊन वीस वर्षे झाली होती, तरी हात त्यांचाच दिसतो. स्विचचा खप १५ कोटींच्या पुढे गेला. त्याचा कमकुवत भागही लगेच कळला. हात न लावता आपोआप सरकणाऱ्या कंट्रोलरच्या काड्यांबद्दल अनेक देशांत तक्रारी झाल्या, कारण हातातले यंत्र सर्वांत जास्त झिजते ते अंगठ्याखाली.

पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने ३९९ डॉलरला स्टीम डेक आणला. व्हॉल्व्हचे स्टीम हे संगणकावरच्या खेळांचे जगातले सर्वांत मोठे ऑनलाइन दुकान. ग्राहकाने तिथे वर्षानुवर्षे घेतलेले खेळ आता हातात आले. यामागचे मोठे काम डोळ्यांना दिसत नाही. हे खेळ विंडोजसाठी लिहिलेले, तर स्टीम डेक लिनक्सवर चालतो. 'प्रोटॉन' नावाचा दुभाषा मध्ये बसून खेळाच्या विंडोजमधल्या मागण्या लिनक्सला समजतील अशा करून देतो. त्यानंतर एसस, लेनोवो, एमएसआय यांची यंत्रे रांगेने आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एससने मायक्रोसॉफ्टबरोबर काढलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅलीच्या वरच्या प्रकाराची किंमत हजार डॉलरला टेकली.

इथे पुन्हा शिदोरीचा हिशेब येतो. गेम बॉय एका वॅटपेक्षाही कमी वीज खात असे. स्टीम डेकची मुख्य चिप एकटीच ४ ते १५ वॅट मागते, पडदा आणि पंखा वेगळे. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची. साधा खेळ असेल तर आठ तास आणि जड खेळ असेल तर दोन, असे कंपनीनेच सांगितले होते. उपाय म्हणून बॅटरी वाढवावी, तर वजन वाढते. स्विचचे वजन ४०० ग्रॅमच्या आत होते, स्टीम डेकचे ६६९ ग्रॅम. अ‍ॅलीच्या वरच्या प्रकारात ८० वॅट-तासांची बॅटरी आहे आणि वजन ७१५ ग्रॅम. पाऊण किलोचे यंत्र हवेत धरून तासभर बसलेले मनगट कुरकुरतेच. शिवाय प्रवासी विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीला १०० वॅट-तासांची मर्यादा आहे, म्हणजे वाढीला वरून छतही आहे. लिथियम बॅटरी दर वर्षी थोडी सुधारते, चिपेची भूक मात्र त्याहून वेगाने वाढते. भविष्यातल्या यंत्रांची खरी लढाई याच दोन वेगांमधली आहे.

त्यातून सुटायच्या काही वाटा आजच दिसतात. ५ जून २०२५ रोजी आलेल्या निंटेंडो स्विच २ ने त्यातली एक घेतली आहे. खेळाचे चित्र कमी ठिपक्यांत काढायचे आणि उरलेले ठिपके, आधी शिकवून ठेवलेल्या गणिती जाळ्याने अंदाजाने भरायचे. सगळे चित्र पहिल्यापासून काढण्यापेक्षा हे काम स्वस्त पडते. ७.९ इंचाचा हा पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतो, तरी यंत्र ५३४ ग्रॅममध्ये बसले. पहिल्या चार दिवसांत ३५ लाख नग विकले गेले. बॅटरीबाबत कंपनी दोन ते साडेसहा तास सांगते, म्हणजे पहिल्या स्विचपेक्षा थोडे कमीच. १९८९ च्या गेम बॉयच्या तुलनेत हा आकडा अजूनही उणाच आहे आणि पुढच्या यंत्रांना तोच गाठायचा आहे.

दुसरी वाट म्हणजे खेळ दूरच्या संगणकावर चालवायचा आणि हातात फक्त चित्र आणायचे. सोनीचा २०२३ चा प्लेस्टेशन पोर्टल असाच आहे. तो घरातल्या प्लेस्टेशनचे चित्र वायफायवरून आणतो. यात चिपेची भूक कमी, पण अंतर आडवे येते. सेकंदाला साठ चित्रे दाखवायची तर एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. बटण दाबल्याची बातमी दूरच्या केंद्रात जाऊन चित्र परत यायला याच्या कितीतरी पट वेळ लागला, की उडी चुकते. गुगलने जगभर गाजावाजा करून काढलेली स्टेडिया ही अशी सेवा १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली. लोकलच्या डब्यात किंवा घाटात, जिथे हातातल्या खेळाची खरी गरज, तिथेच नेटवर्क जाते. त्यामुळे ही वाट घरापुरती उपयोगाची आहे, प्रवासाची नाही.

तिसरी वाट मागे वळून पुढे जाणारी आहे. अमेरिकेतल्या पॅनिक कंपनीचा प्लेडेट २०२२ मध्ये आला. त्याचा पडदा काळा-पांढरा, मागे दिवा नाही आणि कडेला उसाच्या चरकासारखी फिरवायची एक छोटी दांडी. चिनी कंपन्या जुन्या खेळांचे अनुकरण करणारी छोटी यंत्रे काही हजार रुपयांत विकतात, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही ती दिसतात. त्यांतल्या खेळांच्या प्रतींचा कायदेशीर हक्क बहुधा कुणी घेतलेला नसतो, हे खरे आहे. पण त्यांना गिऱ्हाईक का मिळते, याचे उत्तरही समजून घ्यायला हवे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले, की २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. निंटेंडोने थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केले. जे खेळ फक्त तिथेच होते, ते त्या दिवसापासून विकत घेता येत नाहीत.

स्विच २ मुळे हा प्रश्न आणखी जवळ आला आहे. त्याच्या काही कार्डांवर खेळच नसतो, फक्त किल्ली असते, खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या कायद्यानुसार दुकानाला स्पष्ट सांगावे लागते, की ग्राहक खेळाचा मालक होत नाही, त्याला केवळ परवाना मिळतो. सांगणे योग्यच, पण सांगितल्याने खेळ टिकत नाही. पाठीमागच्या खाचेत बसणारी कॅसेट कंपनी बुडाली तरी चालते, मित्राला देता येते, धाकट्या भावाकडे जाते. हातातल्या यंत्राचे निम्मे मोल त्यात आहे आणि ते सोडून देणे ही मोठी चूक ठरेल.

भारताचे या कथेतले स्थान विचित्र आहे. निंटेंडोने स्विच इथे अधिकृतपणे विकायला आणला नाही, आणि स्टीम डेकही अधिकृत मार्गाने येत नाही. जे दिसतात ते बाहेरून आणलेले असतात, त्यांची किंमत दुकानदाराच्या मनावर आणि दुरुस्ती नशिबावर. एससचा पहिला अ‍ॅली २०२३ मध्ये रीतसर आला तो सत्तर हजार रुपयांच्या घरात. साहजिकच इथला हातातला खेळ म्हणजे फोन. आणि तरीही पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने केलेला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वप्रथम स्विचवरच प्रसिद्ध झाला, इतर यंत्रांवर दोन महिन्यांनी. भावाला शोधत निघालेली सर्कशीतली मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांची शस्त्रे, राजस्थानी किल्ल्यांची घडण, पहाडी चित्रशैलीचे रंग आणि मधली कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या, असा तो खेळ. पुण्याच्या मुलाला तो पुण्यात, ज्या यंत्रासाठी तो आधी आला त्या यंत्रावर, अधिकृत दुकानातून घेऊन खेळता आला नाही. इथे कौशल्य आहे, खेळणारे आहेत. कमी आहे ती मध्यमवर्गीय घराला परवडेल अशा, बटणे असलेल्या आणि दिवसभर चालणाऱ्या यंत्राची. ते यंत्र हजार डॉलरच्या वाटेवर सापडणार नाही; मुरलेल्या, स्वस्त झालेल्या चिपेतूनच ते होईल.

एक बदल कायद्याने येऊ घातला आहे. आजच्या यंत्रांत बॅटरी आत चिकटवलेली असते. ती काही वर्षांत थकते आणि तिच्याबरोबर चांगले चालणारे यंत्रही कपाटात जाते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये संमत केलेल्या बॅटरी नियमावलीनुसार, काही अपवाद वगळता, १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथल्या बाजारात येणाऱ्या उपकरणांतली छोटी बॅटरी ग्राहकाला सहज मिळणाऱ्या हत्यारांनी स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. हातात धरून खेळायची यंत्रेही या नियमाखाली येतात.